दोन श्रावणांच्या शहरात नाताळची तारीख

इंदूरमध्ये श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मालवी घरात ‘सावन’ सुरू होतो, तेव्हा शेजारच्या मराठी घरात अजून आषाढच चालू असतो. दिव्याची अवस व्हायची असते. २०२५ मध्ये सावन ११ जुलैला लागला आणि आपला श्रावण २५ जुलैला. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, एवढाच तो फरक. पण त्यामुळे दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात. जन्माष्टमी दोघांची एकाच रात्री, फक्त महिन्याचे नाव वेगळे: आपण श्रावण वद्य म्हणतो, ते भाद्रपद कृष्ण. उलट ‘श्रावणातला पहिला सोमवार’ हे नाव दोघांचे एकच, पण दिवस वेगळे. म्हणजे कधी दिवस एक आणि नावे दोन, तर कधी नाव एक आणि दिवस दोन.

हा फरक नीट लक्षात ठेवला, तर दर ७ जानेवारीला ‘आज रशियात नाताळ’ ही बातमी वाचून जो गोंधळ होतो तो होणार नाही. त्या बातमीखाली दोन वाक्ये हमखास येतात. एक, ‘मग खरा नाताळ कोणता?’ आणि दोन, ‘जगभर एकच तारीख का ठरवून टाकत नाहीत?’ पहिला प्रश्न चुकीचा आहे. दुसरी सूचना वरवर शहाणपणाची वाटते, पण ती अमलात आणायला गेल्यावर काय होते याचे दाखले इतिहासात आहेत आणि ते चांगले नाहीत.

आधी गुंता सोडवू. ख्रिस्ती परंपरांमधला हा मतभेद एक नाही, तीन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की चर्चा फसते. जन्मोत्सव कोणत्या तारखेला, हा पहिला. ती तारीख कोणत्या कॅलेंडरवर मोजायची, हा दुसरा. आणि त्याआधीची तयारी, म्हणजे आगमनकाळ किंवा उपवास, कधीपासून धरायची, हा तिसरा.

पहिला मतभेद सर्वांत जुना आणि आज सर्वांत लहान. २५ डिसेंबरची नोंद रोममध्ये इ.स. ३५४ च्या एका पंजिकेत सापडते. पूर्वेकडे त्या काळात ६ जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा असा एकत्र सण होता. पुढे पूर्वेकडच्या बहुतेक मंडळींनी, म्हणजे चर्चांनी, जन्म २५ डिसेंबरला घेतला आणि ६ जानेवारी बाप्तिस्म्याला ठेवली. अँटिऑकमध्ये हा बदल नवा होता तेव्हा, ३८६ मध्ये, योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने त्याच्या बाजूने प्रवचन दिल्याचे प्रसिद्ध आहे. आर्मेनियन मंडळीने बदल केला नाही. त्यांचा एकत्र सण आजही ६ जानेवारीलाच. कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चमध्ये, जे १७२४ चे आहे, नाताळ याच दिवशी होतो. आर्मेनियन आपल्या मुलखालाही अगदीच परके नव्हते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेत कर्नल जेकब पेत्रुस हा आर्मेनियन अधिकारी होता.

दुसरा मतभेद निव्वळ गणिताचा आहे आणि लोक गडबडतात ते इथेच. मॉस्कोचा पाद्री ७ जानेवारीला नाताळ करत नाही. त्याच्या पोथीत त्या दिवशी २५ डिसेंबरच असतो. तो जुन्या ज्यूलियन कॅलेंडरवर चालतो. हे कॅलेंडर दर चौथ्या वर्षी न चुकता लीप वर्ष घेते, म्हणून त्याचे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचे. सूर्याचे ऋतुवर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे. फरक अकरा मिनिटांच्या आसपास, पण साधारण १२८ वर्षांत तो एक दिवस होतो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि नियम बदलला: शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप. त्यामुळे १७००, १८०० आणि १९०० या तीन वर्षांत ग्रेगोरियनने लीप दिवस गाळला, ज्यूलियनने घेतला. दहाचे अंतर तेरा झाले. २००० हे ४०० ने भागले जाते, म्हणून तेव्हा अंतर वाढले नाही. २१०० भागले जात नाही. म्हणून जुन्या कॅलेंडरवर चालणाऱ्यांचा नाताळ जानेवारी २१०१ मध्ये ७ ला नव्हे, ८ ला येईल. ‘ऑर्थोडॉक्स नाताळ म्हणजे ७ जानेवारी’ असे पाठ करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ७ ही तारीख त्यांच्या धर्मात कुठेच नाही. ती आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे.

‘ऑर्थोडॉक्स’ म्हटले की सगळे जुन्या कॅलेंडरवर, असेही नाही. ग्रीस, रुमानिया, बल्गेरिया इथल्या मंडळी २५ डिसेंबरला आपल्याबरोबरच नाताळ करतात. रशिया, सर्बिया, जॉर्जिया, जेरुसलेम आणि अॅथोस पर्वतावरचे मठ जुन्यावर आहेत. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आणि इथिओपियाचे ख्रिस्ती स्वतःचे महिने वापरतात. त्यांच्या कियाहक आणि ताहसास महिन्याची २९ तारीख बहुतेक वर्षी ७ जानेवारीलाच पडते. जेरुसलेमच्या आर्मेनियन लोकांचे तर दोन्ही फरक एकत्र: सण ६ जानेवारीचा, कॅलेंडर जुने, म्हणून तो साजरा होतो १९ जानेवारीला. अथेन्स आणि मॉस्को यांच्यात नाव एक, दिवस दोन. आपल्या श्रावणी सोमवारासारखे. आर्मेनियाचा फरक मात्र मुळातच वेगळा; तिथे नावही वेगळे, दिवसही वेगळा.

इथे एक टोमणा हमखास येतो. जुने कॅलेंडर सूर्यापासून तेरा दिवस सरकले आहे हे सिद्ध झालेले असताना त्याला चिकटून राहणे म्हणजे हट्ट, असा. हा टोमणा मराठी माणसाने तरी मारू नये. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण ‘उत्तरायण लागले’ म्हणून तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. अंतर चोवीस दिवसांचे, रशियाच्या जवळजवळ दुप्पट. आपली संक्रांत ताऱ्यांवर मोजली जाते, ऋतूंवर नाही, आणि ती साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, हे खरे. ती चूक नव्हे, निवड आहे, हेही खरे. पण निवडीचा हक्क आपल्याला असेल, तर तो सर्बियाच्या खेड्यालाही आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आपल्यालाही शास्त्रशुद्ध सौर पंचांग दिले; २२ मार्च १९५७ पासून ते सरकारी आहे. आकाशवाणीवर त्याची तारीख वाचतात. त्यावर उपास धरणारे घर शोधून सापडणार नाही.

आता तिसरा मतभेद. हा जगातला नाही, आपल्या गल्लीतला आहे. इंदूर-उज्जैन पट्ट्यातल्या मंडळींचा नाताळ २५ डिसेंबरलाच असतो, म्हणून बाहेरच्यांना वाटते की इथे फरक नाहीच. फरक सुरुवातीत आहे. इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत लॅटिन परंपरेचा, १९५२ चा. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनचा धर्मप्रांत, तोही कॅथलिक, पोप तेच, पण परंपरा केरळची सिरो-मलबार. त्यात इथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारी केरळातली मलंकर ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा कुटुंबे, आणि मिशनच्या काळापासूनची प्रॉटेस्टंट कुटुंबे. सुरुवात वेगवेगळी, शेवट एक.

लॅटिन कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंटांचा आगमनकाळ रविवारांवर चालतो. तो काढायची रीत सोपी. २५ डिसेंबरच्या आधीचा रविवार धरा, तो चौथा. त्याच्या मागे तीन रविवार मोजा; तिथे आगमनकाळ लागला. २५ तारीख स्वतः रविवारी आली तर तिला मोजायचे नाही, १८ डिसेंबर चौथा. असे केल्यावर सुरुवात नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या आठवड्यातच पडते आणि काळाची लांबी २२ ते २८ दिवस होते. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, म्हणून पूर्ण २८ दिवस. २०२३ मध्ये सोमवारी, म्हणून ३ डिसेंबरला सुरुवात आणि फक्त २२ दिवस. बाजारात चोवीस खिडक्यांची चॉकलेटची ‘अॅडव्हेंट कॅलेंडरे’ मिळतात ती सरळ १ डिसेंबरला सुरू होतात. त्यांचा आगमनकाळाशी संबंध बहुतेक वर्षी नसतो. २०२२ मध्ये ती चार दिवस मागे होती, २०२३ मध्ये दोन दिवस पुढे.

आगमनकाळात घरात हिरव्या पानांचे मेणबत्त्यांचे चक्र मांडतात, त्यावर याचा परिणाम दिसतो. त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. मध्ये पांढरी, ती नाताळची. दर रविवारी एक वाढवत न्यायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची, कारण तो आनंदाचा रविवार आणि त्या दिवशी पाद्रीही गुलाबी झगा घालतो. हौसेने चक्र करणारे ती शेवटी ठेवतात, तिथे पहिली चूक होते. दुसरी चूक चारही मेणबत्त्या एकाच मापाच्या आणण्याची. रोज संध्याकाळी अर्धा तास प्रार्थना धरली, तर २०२२ सारख्या वर्षी पहिली मेणबत्ती चौदा तास जळते आणि चौथी साडेतीन. २०२३ मध्ये चौथीच्या वाट्याला एकच संध्याकाळ आली, कारण चौथा रविवार म्हणजेच २४ डिसेंबर. पहिली जाडजूड घ्यावी, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ती बुडाला टेकते आणि खालच्या सुकलेल्या पानांना धग लागते. पाने सुरूची किंवा अशोकाची असोत, आठवड्याने बदलावीत. अशा वर्षी चर्चमध्येही तारांबळ: सकाळी जांभळ्या वस्त्रात चौथ्या रविवारचा मिस्सा, आणि संध्याकाळपासून पांढऱ्या वस्त्रात नाताळ. मधल्या पाच-सहा तासांत वेदीची फुले बदलायची, गव्हाण उघडायची, गायकवृंदाची वही बदलायची. हे पुन्हा २०२८ मध्ये होणार आहे.

चक्राची कल्पना तशी फार जुनी नाही. हाम्बुर्गमध्ये योहान विकर्न यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. वीसच का? त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरला लागला होता: चार रविवार आणि वीस इतर दिवस. दुसऱ्या वर्षी तो आकडा बदलणार हे उघड होते. पुढे चार उरल्या त्या बऱ्या.

केरळी परंपरांचे गणित वेगळे. सिरो-मलबार मंडळी या काळाला मंगलवार्तेचा काळ म्हणते. त्याचे रविवार लॅटिनांच्या रविवारांशी जुळतात, पण उपास धरला जातो १ डिसेंबरपासून, पंचवीस दिवसांचा, मग तो वार कोणताही असो. मलंकर ऑर्थोडॉक्सांचाही पंचवीस दिवसांचा ‘नोम्बु’, म्हणजे उपास, १ डिसेंबरलाच लागतो. पण त्यांचे धार्मिक वर्ष त्याच्या कितीतरी आधी, ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरमधल्या रविवारी, ‘कूदोश ईथो’ने, म्हणजे मंडळीच्या शुद्धीच्या रविवाराने, सुरू होते. तिथून नाताळपर्यंत आठ रविवार: दोन मंडळीच्या शुद्धीचे आणि नवीकरणाचे, मग जखऱ्याला संदेश, मरियेला संदेश, अलिशिबेची भेट, योहानाचा जन्म, योसेफाला दर्शन आणि शेवटचा पूर्वजांच्या वंशावळीचा. लॅटिनांचे चार, मिलान शहराच्या अम्ब्रोसी परंपरेचे सहा, यांचे आठ. ग्रीक आणि रशियन परंपरेत रविवार न मोजता चाळीस दिवस मोजतात, १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर. जुन्या कॅलेंडरवर ते २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी होतात. कॉप्टिक उपास ४३ दिवसांचा, २५ नोव्हेंबरपासून. वरचे तीन दिवस कैरोचा मुकत्तम डोंगर सरकल्याच्या कथेच्या स्मरणार्थ जोडलेले. चातुर्मास कुणी आषाढी एकादशीपासून धरतो, कुणी पौर्णिमेपासून, तसेच हे.

हे सगळे सांगण्याचा व्यावहारिक मुद्दा असा. २५ ला सुट्टी, म्हणून शाळा, क्लब आणि रहिवासी सोसायट्या नाताळचा कार्यक्रम २० ते २३ डिसेंबरला उरकतात. हे दिवस कोणत्याही परंपरेत सणाचे नाहीत, उपासाचे किंवा प्रतीक्षेचे आहेत. म्हणजे एकादशीला कुणाच्या घरी श्रीखंड-पुरीचे जेवण ठेवण्यासारखे. नोम्बु पाळणाऱ्या मुलासमोर चिकन पॅटिस आणि अंडे घातलेला केक येतो. घरी कडक पाळत असतील तर मूल अडचणीत सापडते, आणि ‘तुमचाच तर सण आहे, खा की’ असा आग्रह होतो. उपाय अवघड नाही. त्या आठवड्यात गाणी, गव्हाण, नाटुकले ठेवा. खाण्यात बिनअंड्याचा केक आणि कोरडे फराळी पदार्थ ठेवा, इंदूरला तेवढे शिकवावे लागू नये. खरी मेजवानी द्यायचीच असेल तर नाताळनंतर द्या. सणाचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, तिथे सुरू होतो आणि लॅटिन परंपरेत जानेवारीतल्या बाप्तिस्म्याच्या रविवारापर्यंत चालतो. २६ तारखेला तारे आणि झाड उतरवणारा मॉल नेमका सणाच्या दुसऱ्या दिवशी मांडव मोडतो.

‘एकच तारीख करा’ म्हणणाऱ्यांना याहून मोठी अडचण दाखवायला हवी. नाताळ ही सुटी तारीख नाही. तिला पुढे-मागे धागे आहेत. २५ डिसेंबरपासून चाळिसावा दिवस धरून २ फेब्रुवारीला मंदिरातल्या अर्पणाचा सण येतो. आर्मेनियनांचा जन्मोत्सव ६ जानेवारीचा, म्हणून त्यांचा तोच सण १४ फेब्रुवारीला. एक हलवले की दुसरे हलते. आणि सगळेच हलत नाही, ही खरी पंचाईत. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने मिलुतिन मिलांकोविच या सर्बियन शास्त्रज्ञाचे सुधारित कॅलेंडर मान्य केले. ते ग्रेगोरियनपेक्षाही अचूक आहे आणि २८०० सालापर्यंत त्याच्याशी जुळते. ज्या मंडळींनी ते घेतले, त्यांनी नाताळ आणि बाकीचे ठरलेल्या तारखांचे सण नव्यावर आणले, पण ईस्टर जुन्या गणितावरच ठेवला, कारण तो सर्वांबरोबर करायचा होता. आता प्रेषितांचा उपास पाहा. तो ईस्टरनंतरच्या आठव्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि २९ जूनला पेत्र-पौलाच्या सणाला सुटतो. सुरुवात जुन्या गणितावर, शेवट नव्या. २०२४ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर ५ मे रोजी होता, आठवा रविवार ३० जूनला. उपास १ जुलैला सुरू व्हायचा आणि २९ जूनला संपायचा! तो त्या वर्षी झालाच नाही. मॉस्कोत, जिथे शेवटही जुन्याच कॅलेंडरवर म्हणजे १२ जुलैला येतो, तो नीट पार पडला. अचूक कॅलेंडर घेतले आणि एक उपास गिळला गेला.

वरून लादलेल्या तारखेचे दुसरेही मोल असते. ग्रीसच्या चर्चने मार्च १९२४ मध्ये तेरा दिवस गाळले; न मानणारे बाहेर पडले आणि ‘जुन्या कॅलेंडरवाल्यां’च्या मंडळी आजही वेगळ्या आहेत. रशियात तिथल्या चर्चचे प्रमुख, कुलपती तीखोन यांनी १९२३ मध्ये नवे कॅलेंडर लावून पाहिले आणि लोकांचा विरोध पाहून काही आठवड्यांतच मागे घेतले. दिवस चुकीचा की बरोबर, हा वाद तिथे नव्हताच. कुणी कुणाला विचारले, हा होता.

युक्रेनचे उदाहरण याला उलटे म्हणून पुढे केले जाते. तिथल्या ऑर्थोडॉक्स आणि ग्रीक कॅथलिक मंडळींनी १ सप्टेंबर २०२३ पासून २५ डिसेंबर स्वीकारला, आणि त्या जुलैत सरकारनेही सुट्टी ७ जानेवारीवरून हलवली. पण तिथे मंडळींनी आपला निर्णय आपण घेतला होता. त्यामागे युद्ध होते आणि मॉस्कोपासून दूर होण्याची इच्छा होती. शिवाय ज्यांना ७ जानेवारी सोडायचा नव्हता ते तिथेच राहिले. बेलारूस आणि मोल्दोव्हाने त्याहून साधी वाट धरली: २५ डिसेंबर आणि ७ जानेवारी, दोन्ही सुट्ट्या. आपल्याला हे परदेशी वाटायचे कारण नाही. उज्जैनला महाकालाची सवारी सावनच्या सोमवारी निघते आणि तिथेच थांबत नाही. मालवी भादव्याच्या वद्य पक्षातही निघत राहते, कारण तो मराठी श्रावण असतो. २०२५ मध्ये पहिली सवारी १४ जुलैला निघाली, तेव्हा आपला आषाढ चालू होता. शेवटची १८ ऑगस्टला, तेव्हा मालव्यांचा सावन केव्हाच संपला होता. सहा सोमवारांत दोन्ही श्रावण मावले. कुणाचे पंचांग बंद करावे लागले नाही.

म्हणून मागणी करायचीच तर दिनदर्शिका छापणाऱ्यांकडे करावी. ज्या चौकोनात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ इंदूरसाठी वेगळी आणि मुंबईसाठी वेगळी छापता येते, त्यात हेही बसेल. येत्या हंगामापुरते बोलायचे तर १ नोव्हेंबर २०२६ ला कूदोश ईथो, १५ ला मिलानचा आगमनकाळ आणि ग्रीक उपास, २५ ला कॉप्टिक उपास, २८ ला रशियन उपास, २९ ला लॅटिन आगमनकाळाचा पहिला रविवार, १ डिसेंबरला नोम्बु. मग २५ डिसेंबर, ६ जानेवारी २०२७ आर्मेनियन, ७ जानेवारी रशियन, सर्बियन, कॉप्टिक, इथिओपियन, आणि १९ ला जेरुसलेमचे आर्मेनियन. बारीक टाइपात फार तर दहा ओळी होतील.